सांगोल्याचे आबासाहेब
(सांगोला मुक्कामी झालेले निरूपण)



फडावर राजकारण्याचं नाव कशाला, असं कुणी म्हणेल. रास्त आहे. तरी आज आम्ही गणपतराव देशमुखांचं नाव घेणार, कारण ज्या मातीवर आपण बसलोय ती त्यांच्या तालुक्याची आहे.

आबासाहेब मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. वकिली करायला सांगोल्यात आले आणि इथलेच झाले. १९६२ ला शेकापचा लाल बावटा घेऊन पहिल्यांदा निवडून आले, आणि २०१४ पर्यंत एकाच मतदारसंघातून अकरा वेळा. मध्ये १९७२ ला पडले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ ला पुन्हा पडले, तेही दोनशेहून कमी मतांनी! माणूस अशा वेळी पक्ष बदलतो, नाहीतर घरी बसतो. हे दोन्ही झालं नाही. १९९९ ला लोकांनी पुन्हा पाठवलं. वारी एखाद्या साली चुकली म्हणून माळ कुणी उतरवतं का?

मंत्री दोनदाच झाले, १९७८ ला आणि १९९९ ला. बाकीचा बहुतेक काळ विरोधी बाकावर. सत्तेत गेले असते तर पाणी लवकर आलं असतं, असंही कुणी म्हणेल. आम्हांला ते पटत नाही. सत्तेतल्यांचे तालुके काय कमी कोरडे राहिले?

पाण्याचं मात्र समजून घ्या. सांगोला पर्जन्यछायेत. माण नदी बहुतेक महिने वाळूच दाखवते. कृष्णा वाहते तिकडे कराडकडे, आणि खाली. ते पाणी टेंभूला उचलायचं, टप्प्याटप्प्यानं वर चढवायचं, आटपाडी ओलांडून इथवर आणायचं. हे एका भाषणाचं काम नव्हे. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आबासाहेब दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदांना उभे राहिले, आणि तेच मागणं विधानसभेत वर्षानुवर्षं मांडत राहिले. तोवर लोकांनी थोड्या पाण्यावर डाळिंब जगवलं. कापसाला भाव मिळावा, पोरांना काम मिळावं म्हणून सहकारी सूतगिरणी उभी राहिली.

एसटीत आमदारांसाठी आसन राखीव असतं, पाटी वाचली असेल तुम्ही. त्यावर आमदार बसलेला किती जणांनी पाहिला? सांगोलेकरांनी पाहिला.

२०१९ ला वय झालं म्हणून आपण होऊन थांबले. ३० जुलै २०२१ ला सोलापुरात देह ठेवला. आषाढी होऊन दहाच दिवस झाले होते. कोरोनाचं साल, माउलींच्या आणि तुकोबारायांच्या पादुकासुद्धा एसटीनेच पंढरीला गेल्या होत्या. आम्ही गावातल्या देवळातच टाळ धरले, आणि ही सांगोल्याची वाट त्या साली पायाखाली आलीच नाही.