बँड बदलणाऱ्यांची गोष्ट



मी जांब समर्थचा. जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातलं हे गाव समर्थ रामदासांचं जन्मगाव म्हणून सगळ्यांना माहीत आहे. १६०८ साली इथल्या ठोसरांच्या घरी जन्मलेला नारायण ‘सावधान’ शब्द ऐकताच लग्नाच्या मांडवातून निघून गेला, ही कथा आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ असते. आज मात्र मी तुमच्याशी गिटार आणि बँड यांविषयी बोलणार आहे. पन्नाशी ओलांडलेल्या, मराठीत कविता लिहिणाऱ्या माणसाला हे कुठून सुचलं, असं तुम्हाला वाटेल. सुचलं नाही, घरातच घडलं.

माझा धाकटा मुलगा गिटार वाजवतो. पहिली गिटार कोलकात्याच्या गिवसनची होती, अगदी साधी. पुढे मोसंबीच्या एका बहाराचे पैसे हाती आले, तेव्हा इलेक्ट्रिक गिटार आणि अॅम्प्लिफायर घेऊन दिला. आधी तो लग्नात वाजवणाऱ्या ऑर्केस्ट्रात होता. मग शिकायला छत्रपती संभाजीनगरला गेला, तिथे मित्रांचा रॉक बँड झाला. तो दीड वर्षात सोडला, दुसरा धरला. गेल्या वर्षी ईदला घरी आला आणि जेवताना म्हणाला, “अब्बा, मी हाही बँड सोडला.”

मी जे बोललो ते बोलायला नको होतं. म्हणालो, “तू वाजवणारा आहेस की भाडेकरू? दर वर्षाला नवं घर!” तो काही बोलला नाही. वाटीतला शीरखुर्मा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं गेला. पुढचे तीन महिने त्याचा फोन यायचा तो त्याच्या आईला.

त्या तीन महिन्यांत मला एका माणसाची फार आठवण झाली. नंदू भेंडे यांची.

१९८२ साली ‘डिस्को डान्सर’ हा सिनेमा आला. आम्ही तेव्हा शाळकरी पोरं. त्यात बप्पी लाहिरींच्या संगीतातलं, कृष्णाला पुन्हा पृथ्वीवर बोलावणारं एक गाणं होतं. गोकुळाष्टमीला लाउडस्पीकरवर ते वाजायचं आणि आम्ही त्याला भजनच समजायचो. ते गाणारा गळा मराठी आहे, आत्माराम भेंडे यांच्या मुलाचा आहे, हे मला फार उशिरा कळलं. आत्माराम भेंडे म्हणजे मराठी रंगभूमीवरचे फार्सचे बादशहा. आई आशा भेंडे याही रंगभूमीवरच्याच. त्या माहेरच्या एझिकेल, बेने इस्रायली घराण्यातल्या, आणि इंग्रजीत लिहिणारे कवी निसिम एझिकेल यांच्या भगिनी. बेने इस्रायली म्हणजे कोकणात शतकानुशतकं राहिलेले, तेलाच्या घाण्यावर पोट भरणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे ज्यू. म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांची घरची बोली मराठी.

अशा घरातला हा मुलगा १९७०च्या दशकात मुंबईत इंग्रजी रॉक गाऊ लागला. ‘वेलव्हेट फॉग’, ‘सॅव्हेज एन्काउंटर’ ही त्याच्या बँडची नावं. १९७४ साली अलेक पदमसी यांनी ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ हा रॉक ऑपेरा मुंबईच्या रंगमंचावर आणला. त्यात नंदू भेंडे जूडास झाले. जूडास म्हणजे येशूला पकडून देणारा शिष्य. पण त्या ऑपेरात तो नुसता खलनायक नाही. त्याला शंका आहेत, राग आहे, पश्चात्ताप आहे, आणि हे सगळं त्याला टिपेच्या आवाजात गावं लागतं.

मग आलं १९७८. पुण्याच्या थिएटर अकॅडमीनं ‘तीन पैशाचा तमाशा’ रंगमंचावर आणलं. मूळ नाटक जर्मन, बर्टोल्ट ब्रेख्टचं, १९२८ सालचं. संगीत कुर्ट वाइलचं. त्याला मराठी रूप दिलं पु. ल. देशपांडे यांनी, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचं. त्यातला अंकुश, म्हणजे गुंडांचा रुबाबदार म्होरक्या, नंदू भेंडे यांनी केला. संगीतातही भास्कर चंदावरकर आणि आनंद मोडक यांच्याबरोबर त्यांचा वाटा होता. नाट्यसंगीताची वळणं, लोकसंगीताचा ठेका आणि रॉकचा जोर एकाच रंगमंचावर आला. इंग्रजी रॉकवर तयार झालेला गळा आता पुलंच्या मराठीत गात होता. पुढे सिनेमा आला, दूरचित्रवाणी मालिकांचं संगीत आलं. ११ एप्रिल २०१४ रोजी ते गेले.

आता या माणसाला मी भाडेकरू म्हणू का?

बँड का फुटतात, हे आपल्याला बाहेरून कळत नाही. चार-पाच जणांचा संसार असतो तो. एकाला नोकरी लागते, एक परदेशी जातो, एकाचं लग्न ठरतं. ड्रम ठेवायला जागा नसते, सरावाला शेजारी हरकत घेतात. कार्यक्रमाचे पैसे टेम्पोच्या भाड्यात जातात. आपल्याकडे सगळा बाजार सिनेमाच्या गाण्यांचा, त्यात स्वतःचं गाणं घेऊन उभं राहणाऱ्याला गिऱ्हाईक थोडं. मुंबईचे गिटारवादक महेश तिनईकर यांचंच पाहा. १९८४ साली ‘रॉक मशीन’ बँड उभा करणाऱ्यांतले ते एक. दुसऱ्यांची गाणी वाजवता वाजवता हा बँड स्वतःच्या गाण्यांकडे वळला. १९८८ साली पहिला अल्बम आला. १९९३ साली नाव बदलून ‘इंडस क्रीड’ झालं. १९९७ साली बँड थांबला. २०१० साली पुन्हा जमला आणि २०१२ साली ‘इव्हॉल्व्ह’ हा नवा अल्बम आला. म्हणजे एकानं बँड बदलले, दुसऱ्याच्या बँडनं नाव बदललं, मधली तेरा वर्षं बँडच नव्हता. तरी दोघांच्या हातून गाणी झाली.

आणि मी तरी काय केलं? आमच्या घरात दखनी बोलतात. दिवेलागणीला राममंदिराकडून मनाच्या श्लोकांचा आवाज यायचा. अर्थ कळण्याआधी त्याचं वजन कानात बसलं. पुढे बी.ए.ला मराठी घेतलं तेव्हा कळलं की हे भुजंगप्रयात वृत्त. लघु-गुरु-गुरु, चार वेळा. आणि गझल लिहायला बसलो तेव्हा कळलं की उर्दूत याच वजनाला ‘मुतकारिब’ म्हणतात. फऊलुन, फऊलुन, फऊलुन, फऊलुन. तेही चार वेळा. एकच चाल, दोन घरांत दोन नावांनी नांदणारी. एका कविसंमेलनात कोणीतरी कौतुकानं विचारलं होतं, “तुम्ही इतकं चांगलं मराठी कसं काय लिहिता?” त्यांचा हेतू चांगला होता, पण त्या प्रश्नानं मला परक्या घरातला पाहुणा करून टाकलं. पोराला भाडेकरू म्हणताना मी त्याला तोच प्रश्न विचारत होतो. ज्याला स्वतःला तो लागला होता, त्यानंच.

शेवटी एका संध्याकाळी मीच फोन लावला. माफी वगैरे शब्द आम्हा बाप-लेकांत येत नाहीत. मी विचारलं, “सध्या काय वाजवतोस?” थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, “नवा बँड आहे, अब्बा. मराठी गाणी करायची म्हणतायत सगळे. तुमची एखादी कविता द्याल?”

मी भुजंगप्रयातातली एक पाठवली. आठ दिवसांनी त्याचा फोन आला. या वेळी मला. म्हणाला, “अब्बा, मात्रा मोजल्या. हा पाच-पाचाचा ठेका आहे. आमचा ड्रमवाला चाराचा, तो दर ओळीला अडखळतो.”

मी म्हटलं, “मग सोपी देऊ का दुसरी?”

“नको,” तो म्हणाला, “हीच राहू द्या. बसेल हळूहळू.”

अजून बसलेली नाही. सराव चालू आहे. हा बँड किती दिवस टिकेल ते ठाऊक नाही, आणि मी आता विचारतही नाही. आमच्या गावची कथा लहानपणापासून ऐकत आलो, पण मांडवातून पोरगा निघून गेल्यावर मागे राहिलेल्या माणसांचा विचार मी प्रथमच केला. त्यांच्या हातात वाट बघण्यापलीकडे काही नव्हतं. माझ्या हातात निदान फोन आहे, तो मी रोज लावतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)