किती नको, केव्हा ते सांगा

नमस्कार. साकोली-लाखनीकडच्या श्रोत्यांना माहेरचा म्हणून, बाकीच्यांना रीतसर. मी राहते नवा रायपूरला. आमच्याकडचे रस्ते इतके रुंद आहेत की पलीकडे जाईस्तोवर पावसात छत्री दोनदा उलटते. पण शेवटच्या सेक्टरची भिंत संपली की लगेच धानाची बांधी लागते. सकाळच्या फिरण्यात माझं निम्मं लक्ष त्या बांध्यांकडेच असतं.

मला विषय दिलाय ‘मोसमी पाऊस आणि शेती’. फार मोठा आहे. मी त्यातलं एकच सांगणार, आणि तेच दोन-तीनदा सांगणार, कारण स्वयंपाकघरातून ऐकणाऱ्यांच्या कुकरची शिट्टी नेमकी कामाच्या वाक्याला होते. तर ते असं: यंदा पाऊस किती टक्के झाला हे मला सांगू नका. केव्हा झाला ते सांगा.

समजा, तुम्ही दुधाचा रतीब लावलाय. रोज एक लिटर, महिन्याचे तीस. गवळी पाच दिवस नीट आला. मग बारा दिवस त्याने तोंड दाखवलं नाही. आणि एका मंगळवारी पंचवीस लिटरचा कॅन दारात आणून ओतला. घरातली पातेली भरली, बादली भरली, उरलेलं मोरीत गेलं. पुढे महिना संपेपर्यंत पुन्हा पत्ता नाही. महिनाअखेरीला कार्ड बघाल तर तीस लिटर बरोबर! तुम्ही भांडायला गेलात, तर तो म्हणणार, बाई, सरासरी बघा ना.

आपण पावसाच्या बाबतीत हेच ऐकून घेतो. छत्तीसगडला जून ते सप्टेंबर अकराशे मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. हवामान खात्याच्या हिशेबात सरासरीच्या १९ टक्के खाली किंवा १९ टक्के वर, दोन्ही ‘सामान्य’च. म्हणजे सव्वानऊशे पडला तरी सामान्य आणि साडेतेराशे पडला तरी सामान्य. खात्याला बोल लावत नाही मी, त्यांना सगळ्या देशाचं मोजमाप ठेवायचं असतं, आणि ते आठवड्याआठवड्याचे आकडेही देतात. आपणच आळशी, शेवटचा आकडा तेवढा वाचतो.

२०२३ साल आठवा. देशात हंगामाचा पाऊस सरासरीच्या ९४ टक्के. ऐकायला काय वाईट आहे? पण त्यातला ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता, तूट ३६ टक्के. जुलैने आणि सप्टेंबरने सरासरीपेक्षा १३-१३ टक्के जास्त देऊन कार्ड जुळवून दिलं. आमचा पाऊस येतो बंगालच्या उपसागरातून. कमी दाबाचं क्षेत्र ओडिशाचा किनारा ओलांडून आत शिरलं की महानदीचं खोरं भिजतं. मान्सूनची आस वर हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन बसली की तिकडे पूर आणि इकडे ऊन. त्या ऑगस्टात तेच झालं.

त्या दिवसांत मी एका बांधीच्या धुऱ्यावर उभी होते. तिथले कका, म्हणजे काका, भेगेत बोट घालून दाखवत होते. बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं. धान हिरवंच होतं, पण पानं दुपारी सुरळी करून उभी. युरियाची गोणी पडवीत शिवलेलीच. कोरड्या मातीत टाकणार कसा? मी विचारलं, तर म्हणाले, “पानी आही त डारबो, दाई.” पाणी येईल तेव्हा टाकू. गोणी आणली होती ती वेळ साधण्यासाठीच, आणि नेमकी वेळच निघून चालली होती.

छत्तीसगडात धान मोठ्या प्रमाणावर फेकून पेरतात, आपल्याकडच्या आवत्यासारखं. मग महिनाभराने बांधीत वीतभर पाणी साठलं की उभ्या पिकातच हलका नांगर फिरवतात. त्याला म्हणतात बियासी. दाट रोपं विरळ होतात, तण गाडलं जातं. बघणाऱ्याला वाटतं, पिकाचा सत्यानाश चाललाय! हरेलीपर्यंत हे उरकायची रीत. हरेली म्हणजे आपली दिव्याची अवस. त्या दिवशी नांगर धुऊन पुजायचा, पोरांनी गेडीवर चढून चिखलातून हिंडायचं. पण पाणीच साठलं नाही, तर बियासी कशी होणार? पंधरा दिवस उशिरा धो धो आला, तरी तोवर तण कमरेला लागलेलं. रोवणीवाल्यांचंही तेच, पऱ्हे वाट बघत म्हातारे होतात.

आणि शेवटचं पाणी? स्वर्णा हे १४० दिवसांच्या आसपासचं धान. ते निसवतं सप्टेंबरच्या शेवटी, म्हणजे मान्सून परत निघायच्या बेतात असताना. त्या आठवड्यात पाणी तुटलं की लोंबी उभी दिसते आणि आत पोचट. घरी पाहुणे आलेत, चुलीवर आधण ठेवलंय, आणि दूध नाही! काल वीस लिटर होतं हो, पण त्याचं आता काय?

आपल्या आज्या-पणज्यांना हे कळत होतं. त्यांनी पाऊस कधी टक्क्यांत मोजला नाही, नक्षत्रांत मोजला. मृग, आर्द्रा, तरणा, म्हातारा, मघा, हत्ती. तेरा-चौदा दिवसांचा एकेक कप्पा. कुठला कप्पा भरला, कुठला रिकामा गेला, हे पंचांग न उघडता सांगायच्या. कोल्हा-बेडूक ही वाहनं तुम्ही सोडून द्या, माझाही त्यांच्यावर भरवसा नाही. पण ते कप्पे टाकून आपण हाती एक बेरीज घेऊन बसलो, हे काही शहाणपणाचं झालं नाही. म्हणून पुन्हा सांगते: किती नाही, केव्हा.

आणि हे काही माझ्या मनाचे खेळ नाहीत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले बी. एन. गोस्वामी आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ साली मध्य भारतातल्या १९५१ ते २००० या काळातल्या पावसाचा अभ्यास छापला. मुसळधारेचे प्रसंग वाढले, मध्यम पावसाचे घटले, आणि एकूण बेरीज? ती जवळपास होती तिथेच. गवळ्याचं कार्ड!

महाराष्ट्रात २०२३ ला पीकविम्याच्या निमित्ताने ‘२१ दिवसांचा खंड’ हा शब्द घरोघर पोचला. बरं झालं, निदान खंड मोजायला लागले. पण विसाव्या दिवशी तीन मिलिमीटरची सर शिंतोडून गेली तर? तीन मिलिमीटर म्हणजे कागदावर ‘पावसाचा दिवस’, अडीचच्या वर गेला ना. धानाला विचारा.

मग रोजचं दूध एका दिवशी आलं तर शहाणी बाई काय करते? विरजण लावते. पावसाचं विरजण म्हणजे तलाव. आमच्याकडे त्याला तरिया म्हणतात, गावागावांत. जुन्या गावांची बढाई असते, ‘छै आगर छै कोरी’, म्हणजे एकशे सव्वीस तलाव. भंडारा-गोंदियाला मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव आहेत, बोड्या आहेत. त्यातल्या किती गाळाने भरल्या ते तुम्हीच सांगा. एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चार हजार लिटर पाणी. पंचवीसची एक सर म्हणजे लाख. भाटा जमीन असली तर ती चाळणीच, लाख लिटरला दोन दिवसही धरत नाही. कन्हार म्हणजे हंडा, थोडी दमाची. त्यामुळे भाट्याच्या खालच्या अंगाला डबरी खोदायची, की वरच्या… यावर खरं तर वेगळं बोलायला हवं. काचेपलीकडून मला दोन बोटं दाखवतायत.

दोन मिनिटांत एवढंच. घरी एक पर्जन्यमापक ठेवा, फार महाग नसतो, आणि शंभर पानी वही. रोज सकाळी साडेआठला वाचा, कोरड्या दिवशीही ओळ टाका. शून्य लिहायचा कंटाळा करू नका, माझ्या वहीत सर्वांत कामाची पानं शून्यांचीच निघाली. त्या शून्यांपुढे पिकाची अवस्था लिहा: रोवणी, फुटवा, गर्भ, निसवण. म्हणजे पुढच्या वर्षी लवकर येणारं हजार दहा धान पेरायचं की स्वर्णा, हे दुकानदाराला विचारावं लागणार नाही.

अहो, आणि लाखोळीचं तर राहिलंच! हत्तीचा पाऊस पडून गेला की उभ्या धानातच लाखोळी फेकतात, उतेरा म्हणतात त्याला इकडे. त्यात ओल किती दिवस धरली पाहिजे हे… बरं. तांबडा दिवा लागला. नमस्कार.