आरे-वारेचे चित्रण आणि ग्राफिक्स कार्डाचा हिशेब
(मंडळाच्या विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आमच्या बँकेतील सहकाऱ्यांना हसू आले. आम्ही कला शाखेचे पदवीधर, पोटापाण्यासाठी कारकुनी करणारे. ग्राफिक्स कार्डावर आम्ही काय बोलणार? परंतु हा विषय आमच्याकडे हिशेबाच्या वाटेने आला, तेव्हा हिशेबाच्याच भाषेत बोलतो.

अभ्यासिकेतील मुले हिवाळ्यात आरे-वारेला गेली होती. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाताना डोंगरावरचा रस्ता वळतो आणि खाली एकदम दोन किनारे दिसतात, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. त्या वळणावरून आणि खाली सुरूच्या बनातून मुलांनी मोबाइलवर दोन मिनिटांचे चित्रण केले. ते जलरंगात रंगविल्यासारखे दिसावे आणि मेळाव्यात दाखवावे, अशी त्यांची इच्छा. हे काम आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली करतात. मुले आमच्या घरी आली, कारण चिरंजीवांसाठी घेतलेला लॅपटॉप आमच्याकडे आहे. "काका, रात्रभर बंद करू नका हं," असे सांगून गेली. सकाळी पाहतो तो पडद्यावर मेमरी अपुरी असल्याची सूचना, आणि समुद्र होता तसाच.

मग मुलांनी कार्यकारिणीकडे अर्ज केला, की शिक्षण निधीतून चांगल्या ग्राफिक्स कार्डाचा संगणक घ्यावा. एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "एवढ्या पैशांत किती मुलांच्या वह्या येतील?" हा प्रश्न मुळीच गैर नव्हता. त्या निधीत मुंबईकर चाकरमान्यांची वर्गणी आहे, गावातल्या मोलकरी बायांचीही आहे. दरपत्रके तपासण्याचे काम आमच्याकडे आले, आणि आम्ही प्रथमच नीट अभ्यासाला बसलो.

चलच्चित्र म्हणजे स्थिर चित्रांची माळ. सेकंदाला २५ चित्रे धरली तर दोन मिनिटांत ३,००० चित्रे होतात. १९२० गुणिले १०८० या मापाच्या एका चित्रात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. शैली बदलायची तर या प्रत्येक चित्रावर गुणाकार-बेरजांचा डोंगर उपसावा लागतो. आमचे वरिष्ठ सांगत, की संगणकीकरणापूर्वी सहामाही व्याज काढताना सगळी शाखा रात्री बसे. संगणकाचा मुख्य प्रोसेसर म्हणजे चार-आठ हुशार अधिकारी. ग्राफिक्स कार्ड म्हणजे एकच साधी आकडेमोड एकाच वेळी करणारे हजारो कारकून. म्हणून हे काम कार्डावर जलद होते. पण कारकून कितीही असोत, खातेवह्या टेबलावर मावल्या पाहिजेत. कार्डाची स्वतःची मेमरी हे ते टेबल. वह्या मावल्या नाहीत तर काम थांबते, नाहीतर दर वेळी शिपायाला गोदामात पाठवावे लागते. म्हणजे कार्ड संगणकाच्या साध्या मेमरीतून ये-जा करू लागते, आणि वेग पार बसतो.

आता थोडा इतिहास. २०१५ साली जर्मनीतील ट्युबिंगेन येथील गॅटिस, एकर आणि बेथगे या संशोधकांनी एका चित्राची शैली दुसऱ्या छायाचित्रावर चढविण्याची पद्धत मांडली. त्यांनी स्वतःच नमूद केले आहे, की सुमारे ५१२ गुणिले ५१२ मापाच्या एका चित्रास एनव्हिडियाच्या के-४० कार्डावर तासापर्यंत वेळ लागे. आपल्या मुलांच्या ३,००० चित्रांना तासाचा दर लावला तर १२५ दिवस होतात. मृगाला लावलेले काम भातकापणीला संपेल! पुढच्याच वर्षी अमेरिकेतील स्टॅनफर्डच्या जॉन्सन, अलाही आणि फे-फे ली यांनी वेगळा मार्ग काढला. एक शैली संगणकाला आधीच शिकवून ठेवायची. शिकवायला टायटन-एक्स कार्डावर सुमारे चार तास. नंतर त्याच मापाचे चित्र सेकंदाच्या विसाव्या भागात तयार. म्हणजे ३,००० चित्रे अडीच मिनिटांत. एकाच कार्डावर दोन्ही पद्धती चालवून त्यांनी हा फरक सुमारे हजारपट असल्याचे दाखविले.

मित्रहो, हा आकडा वाचून आम्ही दरपत्रके बाजूला ठेवली. महागडे कार्ड घेऊन वेग दुप्पट, चौपट, फार तर दहापट होईल. पद्धत बदलून हजारपट झाला. मुलांनी वापरलेली प्रणाली कोणती, हे आम्ही तोपर्यंत विचारलेच नव्हते. ती नव्या तऱ्हेची निघाली, २०२२ पासून गाजलेल्या डिफ्यूजन पद्धतीची. यात प्रत्येक चित्रावर वीस-तीस फेऱ्या होतात. चित्र सुंदर येते, पण मेमरी आणि वेळ दोन्ही भरपूर खाते. शिवाय लाटांसारख्या हलत्या दृश्यात प्रत्येक चित्र स्वतंत्र रंगविले, की कुंचल्याचे फटकारे जागा बदलतात आणि समुद्र लुकलुकतो. तो स्थिर करायचा तर आधीच्या चित्रातील हालचाल मोजावी लागते, म्हणजे आणखी आकडेमोड. आरे-वारेची फेसाळ लाट या कामाला सर्वांत अवघड. मुलांनी देवळाच्या पायऱ्यांचे चित्रण केले असते तर सोपे गेले असते, पण ते त्यांना कोण सांगणार!

आता कार्डांकडे येऊ. आमच्यासमोर मुख्यतः दोन नावे होती. २०२१ चे आरटीएक्स ३०६० आणि २०२३ चे आरटीएक्स ४०६०. दुसरे नवे, आकडेमोडीत वेगवान आणि वीजही कमी घेणारे. ११५ वॅट, तर पहिले १७० वॅट. कोणीही दुसरे घेईल. परंतु ४०६० ची मेमरी ८ जीबी, आणि ३०६० ची १२ जीबी. मेमरीतून माहिती ये-जा करण्याचा वेगही जुन्याचा सेकंदाला ३६० जीबी, नव्याचा २७२. लहान मापाची चित्रे ८ जीबीत मावतात, तिथे नवे कार्ड पुढे जाते. माप वाढले आणि टेबल अपुरे पडले, की जुने पुढे. म्हणजे 'कोणते कार्ड वेगवान?' हा प्रश्नच अर्धा आहे. 'कोणत्या कामासाठी?' हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

आणि नावावर तर भरवसा ठेवूच नये. ३०६० चीच ८ जीबीची आवृत्ती बाजारात आली होती. लॅपटॉपमधील ३०६० ला तर ६ जीबीच मेमरी असते. आमच्या घरचा लॅपटॉप नेमका तोच. भविष्य निर्वाह निधीतून उचल घेऊन तो घेतला, तेव्हा ३०६० हा आकडा आम्ही पाहिला, दुकानदाराने दाखविला, आणि मेमरीचे कोणीच बोलले नाही. दुकानदार खोटे बोलला असे नाही. आम्ही विचारले नाही. रोज लोकांना सही करण्यापूर्वी फॉर्म वाचायला सांगणारे आम्ही!

विद्यार्थ्यांनी खर्चाआधी करण्याच्या गोष्टी पुष्कळ आहेत. १०८० ऐवजी ७२० चे माप घेतले तर ठिपके निम्म्याहून कमी होतात, नऊ लाख २१ हजार ६००. आकडे ३२ ऐवजी १६ बिटांत मांडण्याची सोय बहुतेक प्रणालींत असते. त्यायोगे वह्या निम्म्या जागेत मावतात, आणि २०१८ पासूनच्या आरटीएक्स कार्डांत या प्रकारच्या गणितासाठी खास विभाग असल्याने वेगही वाढतो. २०१९ च्या स्वस्त जीटीएक्स १६५० मध्ये तो विभाग नाही. तयार झालेले प्रत्येक चित्र लगेच डिस्कवर स्वतंत्र साठवावे. आपल्याकडे पावसात वीज जाते, आणि शेवटच्या तासात गेली तरी मागचे काम वाचते. एकाच चित्रफितीपुरते काम असेल तर इंटरनेटवरून दूरचे कार्ड तासाच्या भाड्याने मिळते. गूगलच्या कोलॅब सेवेत मर्यादित वापर फुकटही मिळतो, मात्र कार्ड हवे तेव्हा मिळेलच असे नाही, आणि वाडीतल्या नेटवर्कवरून चित्रण चढविण्यातच संध्याकाळ जाते.

कार्यकारिणीला आम्ही लेखी कळविले आहे, की एका चित्रफितीसाठी संगणक घेऊ नये. वर्षभर मुले शिकणार असतील, तर १२ जीबीपेक्षा कमी मेमरीचे कार्ड घेऊ नये. वह्यांचा निधी वेगळा ठेवावा, हेही त्यात आहे. निर्णय पुढील सभेत होईल. तोवर मुलांनी ७२० च्या मापात, आधी शिकविलेल्या शैलीच्या जुन्या पद्धतीने, आमच्या ६ जीबीच्या लॅपटॉपवरच काम पुरे केले. ती फीत आपण आता पाहणार आहात. रंग थोडे भडक आहेत. वारेच्या बाजूची लाट एके ठिकाणी लुकलुकते.

मूळ चित्रणातील लाटेचा दहा सेकंदांचा तुकडा अभ्यासिकेच्या कपाटातील पेनड्राइव्हमध्ये ठेवला आहे. ज्या पालकांना कार्ड घ्यायचे असेल त्यांनी तो दुकानात न्यावा, आपल्याला हवी ती प्रणाली तिथेच चालवून दाखवायला सांगावी आणि घड्याळ लावून बसावे. दहा सेकंदांना लागलेला वेळ गुणिले बारा, म्हणजे दोन मिनिटांचा वेळ. पेनड्राइव्ह परत आणून देताना वहीत नोंद करावी.