मामांच्या घरची गिटारची बैठक
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कुणी आरोग्यावर बोलते, कुणी लोणच्या-पापडांवर. यंदा अध्यक्षबाईंनी मला उभे केले आणि म्हणाल्या, "तुमच्या त्या गिटारीबद्दल सांगा." मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. भाषण असे कधी केलेले नाही, तेव्हा चुकले-माकले तर सांभाळून घ्या.

कार्तिकी एकादशीला मी ते वाद्य देवळात आणले, तेव्हा कितीतरी जणी पदर तोंडाला लावून हसल्या ते मी पाहिले आहे. कुणी म्हणाली, सिनेमाचे वाद्य देवापुढे कशाला? कुणी म्हणाली, ही तर इस्त्री करायला बसल्यासारखी दिसते! हे दुसरे मला अगदी पटले. गिटार मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या आणि डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत कांडी धरून ती तारांवरून सरकवायची. लांबून इस्त्रीच वाटणार.

ही गिटार माझ्याकडे आली ती पूर्णेच्या मामांकडून. मामा रेल्वेत होते. मी नऊ-दहा वर्षांची असल्यापासून, म्हणजे १९९० च्या आसपास, सुटीत त्यांच्याकडे जात असे. हिंगोलीहून तेव्हा लहान रुळाची गाडी होती. कोळशाचा कण डोळ्यात गेला म्हणून मी वसमतपर्यंत रडले होते, ते मला अजून आठवते. मामांच्या रेल्वे क्वार्टरात महिन्यातून एका रविवारी गिटार वाजवणाऱ्यांची बैठक भरे. रविवार ठरलेला नसे. ज्या रविवारी जास्तीत जास्त मंडळींची ड्यूटी नसेल तो धरायचा. येणारे कोण? एक लोकोशेडमधले फिटर, एक तिकीट तपासनीस, नांदेडहून येणारे एक शाळामास्तर, लग्नाच्या बँडमध्ये वाजवणारा एक तरुण आणि म्हातारे ख्रिस्ती गार्डसाहेब. पाच माणसे, पाच ठिकाणची, पाच जातींची. एरवी एका सतरंजीवर बसण्याचे त्यांना काही कारण नव्हते.

बैठकीचा मामांचा नियम एकच होता. इथे श्रोता कुणी नाही, जो आला त्याने वाजवायचे. आधी पेटीवर षड्ज धरून सगळ्यांच्या तारा लावायच्या. त्यातच अर्धा तास जाई. मग पाळीने एकेकाने एकेक गाणे वाजवायचे. बाकीच्यांनी नुसता षड्ज धरायचा नाहीतर गप्प राहायचे. एखाद्याचा हात चुकला तर त्याला थांबवायचे नाही. त्याचे झाल्यावर शेजारच्याने तीच ओळ आपल्या हाताने वाजवून दाखवायची, म्हणजे चूक कुठे झाली ते न बोलता कळते. लोकोशेडचे फिटर दोन वर्षे एकच गाणे वाजवत होते. त्यांची बोटे कामाने जाड झालेली, नख्या बोटांत बसत नसत. पण त्यांची पाळी कधी चुकवली नाही, की कुणी हसले नाही. टाळ्या नव्हत्या, शाली-श्रीफळे नव्हती. वीज गेली की ते छोटे यंत्र बंद पडे आणि सगळे अंधारात तसेच वाजवत बसत. मला तर तेव्हाच जास्त गोड लागे.

या वाद्याची जन्मकथा मी मामांकडून ऐकली, नंतर पुतण्याकडून थोडी अधिक समजून घेतली. प्रशांत महासागरात हवाई नावाची बेटे आहेत. तिथल्या जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी मुलाने १८८५ ते १८९० च्या सुमारास गिटारीच्या तारांवर बोटांऐवजी लोखंड सरकवून पाहिले. कंगवा, चाकू असे काय काय करून पाहिल्यावर त्याने शाळेच्या कारखान्यात पोलादाची कांडी घडवली, असे सांगतात. कुणी याचे श्रेय डेव्हियन नावाच्या दुसऱ्या एका तरुणाला देतात. तो म्हणे जन्माने हिंदुस्थानातला होता आणि लहानपणी जहाजावरून तिकडे नेलेला. खरे-खोटे कुणी सांगावे! तसे पाहिले तर आपल्याकडे विचित्रवीणा याच पद्धतीने वाजवतात, तिच्यात काचेचा गोळा तारांवरून फिरवतात. त्यामुळे हे वाद्य इथे आले तेव्हा ते फार परके वाटले नसावे. हवाईचे ताऊ मो नावाचे वादक १९४० च्या दशकात बायका-मुलांसह कलकत्त्याला राहिले आणि तिथे बऱ्याच जणांना या वाद्याची गोडी लागली. पुढे सुनील गांगुली आणि मुंबईचे व्हॅन शिप्ले यांच्या सिनेमाच्या चालींच्या तबकड्या घरोघर वाजल्या. जोधपूरच्या ब्रिजभूषण काब्रांनी त्याच गिटारीवर राग वाजवून दाखवले. १९६७ सालची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबर त्यांचीच. पुढे विश्वमोहन भट्टांनी गिटारीला जास्तीच्या तारा लावून मोहनवीणा केली आणि १९९४ साली त्यांना ग्रॅमी हा अमेरिकेतला मोठा मान मिळाला.

सिनेमाचे वाद्य देवापुढे कशाला, या प्रश्नाचे उत्तर मला द्यायचे आहे. भजनाला आपण पेटी घेतो. पेटी हे तरी कुठे आपले? तीही साहेबाच्या देशातून आली आणि आपण ती जमिनीवर बसून हाताने भाता हलवण्याजोगी करून घेतली. पेटीत एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर उडी मारावी लागते, मधली घसरण म्हणजे मींड तिच्यात निघत नाही. याच कारणाने रेडिओवाल्यांनी १९४० साली पेटीवर बंदी घातली होती, ती १९७१ पर्यंत चालली. तरी भजनातून पेटी गेली नाही, जायलाही नको. पण ही कांडीची गिटार माणसाच्या गळ्यासारखी घसरते. आजी ओवी म्हणताना शेवटचा शब्द जसा ओढून खाली आणायच्या, तसा ओढता येतो. मात्र कांडी अर्धा जव इकडे-तिकडे झाली की बेसूर. तिथे लपवायला जागा नाही. अमेरिकेत काळ्या लोकांच्या काही चर्चमध्ये १९३० च्या दशकापासून देवाच्या गाण्याला हेच वाद्य घेतात, आपल्या पेटीच्या जागी. तेव्हा देवाला चालत असावे.

आता मामीविषयी सांगते. खरे म्हणजे त्यासाठीच मी बोलायला तयार झाले.

बैठकीच्या रविवारी मामी पहाटे उठे. पाच माणसांचा चहा तीन वेळा, दुपारी पोहे आणि नांदेडचे मास्तर गाडीने उशिरा जाणार म्हणून संध्याकाळी त्यांच्यापुरती भाकरी-पिठले. महिनाअखेर असली तर साखर शेजारच्या घरून वाटीने यायची. मी मामीच्या हाताखाली कपबशा विसळत बसे. वाजवणारे आणि आम्ही यांच्यात एक दार होते, त्याला जुन्या लुगड्याचा पडदा.

एके दिवशी मामा वाजवत होते. मामी कांदा चिरता चिरता थांबली आणि दाराशी जाऊन हळूच म्हणाली, "अहो, तिसरी तार उतरलीय." आत सगळे गप्प झाले. मामांनी तार पेटीशी ताडून पाहिली, ती खरेच जराशी उतरली होती. पाच वाजवणाऱ्यांपैकी एकालाही ते कळले नव्हते. गार्डसाहेब मोठ्याने म्हणाले, "वहिनी, तुम्ही बाहेर या, तार तुम्हीच लावा." मामी हसली. म्हणाली, दूध वर येईल. आणि आत येऊन पुन्हा कांदा चिरू लागली. चुलीवर दूध नव्हते. मी तिथेच बसले होते.

मामा वाईट नव्हते बरे का. त्यांनी मामीला कधी उणा शब्द बोललेला मी ऐकला नाही. पण 'इथे श्रोता कुणी नाही' हा नियम करताना त्यांना पडद्यामागची बाई मोजायचे सुचले नाही. तिलाही स्वतःला मोजायचे सुचले नसावे.

पुढच्या सुटीत मला एक गुपित कळले. मामा ड्यूटीवर गेले की मामी गिटार भिंतीवरून काढायची. कांडी मामांच्या कोटाच्या खिशात असे, म्हणून ती औषधाची छोटी जाड बाटली तारांवरून फिरवायची. विजेचे यंत्र न लावता, अगदी बारीक आवाजात. शेजारणीला कळू नये म्हणून नळ सोडून ठेवायची. पूर्णेला पाणी घटकाभरच यायचे, तरी सोडून ठेवायची! नख्या तिला मोठ्या होत, म्हणून अंगठ्यानेच छेडायची. मी तिच्याकडून शिकले ते असे, नळाच्या आवाजात. बाटलीवर शिकल्यामुळे माझा हात अजून थोडा जड पडतो.

मामांची बैठक हळूहळू मोडली. बदल्या झाल्या, गार्डसाहेब गेले, मास्तरांना प्रवास झेपेना. २०११ साली मामा वारले. तेराव्यानंतर मामीने गिटार माझ्या हवाली केली. मी म्हटले, "तुम्हीच ठेवा ना, आता कोण अडवणार आहे?" ती म्हणाली, "अडवले तर कधीच कुणी नाही गं. पण एकटीने वाजवून मन भरत नाही. चार जणी असत्या तर वाजवले असते." मी गिटार पुसेगावला आणली आणि मीही तिला नऊ-दहा वर्षे माळ्यावर ठेवली. मामीला बोलायला मला तोंड नाही.

मागच्या वर्षी पुतण्याने मोबाईलवर एक गंमत दाखवली. अमेरिकेत या गिटारीला आता पाय फुटले आहेत. टेबलासारखी उभी राहते, दहा-दहा तारा, खाली पावडी आणि गुडघ्याने ढकलायच्या दांड्या. पावडी दाबली की एखाद-दुसरी तार तेवढी चढते, बाकीच्या जागेवर राहतात. आपल्या शिवणयंत्राजवळ बसावे तशी माणसे बसतात, दोन्ही हात, दोन्ही पाय, गुडघे, सगळे कामाला. १९५४ साली बड आयझॅक्स नावाच्या वादकाने एका गाजलेल्या गाण्यात तसे वाजवले आणि मग सगळेच वादक आपापल्या गिटारीला पावड्या जोडू लागले. या लोकांच्याही बैठकी भरतात. कुणाच्या घरी, नाहीतर एखाद्या हॉलात. पाळीने दोन-तीन गाणी वाजवायची, दुसऱ्याचे वाद्य बघायचे, तार कशी लावली ते विचारायचे. म्हातारी माणसे थरथरत्या हाताने वाजवताना पाहून मला लोकोशेडचे फिटर आठवले. सगळे मामांसारखेच. पण एक गोष्ट निराळी होती. मागच्या टेबलावर झाकलेली भांडी ओळीने मांडलेली. येताना ज्याने त्याने आपल्या घरून काहीतरी करून आणलेले आणि वाढूनही ज्याचे त्याने घ्यायचे. मी पुतण्याला ते चित्र दोनदा मागे घ्यायला लावले. तो गिटारीकडे बघत होता, मी भांड्यांकडे.

आता आपल्या मंडळाचे बोलते, रागावू नका. आपण दर गुरुवारी भजन म्हणतो. नर्सी इथून जवळ, नामदेवरायांची भूमी, अभंग आपल्या तोंडात आहेत. पण पेटीला पुरुष, पखवाजाला पुरुष. ते शेतात अडकले की आपले भजन टाळांवर. गेल्या पावसाळ्यात ओळीने चार गुरुवार असे झाले आणि आपण 'आज रंग आला नाही' म्हणत घरी गेलो. आपल्यात पेटी येणाऱ्या दोघी आहेत, मी नाव घेत नाही, त्या मान खाली घालून बसल्या आहेत ते दिसते आहे. एकीची मुलगी शाळेत तबला वाजवते. त्या चार गुरुवारी त्या टाळच धरून बसल्या, कारण येत असले तरी चारचौघांत चुकायची सवय नाही. चुकण्यासाठी जागा लागते. पुरुषांना ती मिळते. मामांच्या फिटरला दोन वर्षे मिळाली.

म्हणून माझी सूचना अशी. महिन्यातून एक दुपार, बुधवारी किंवा ज्या दिवशी बाजार नसेल त्या दिवशी, मंडळाच्या खोलीत बसायचे. जिला पेटी येते तिने पेटी आणावी, जिला काहीच येत नाही तिने टाळ आणावेत. देवाचे म्हणा, सिनेमाचे म्हणा, पाळण्याचे म्हणा. पाळी चुकवायची नाही आणि हसायचे नाही. बाहेरच्या कुणाला ऐकायला बोलवायचे नाही, निदान वर्षभर तरी. गिटारीवर हात टाकून बघायचा असेल तर टाका, तार तुटली तर नांदेडहून दुसरी आणता येते. औषधाच्या दोन बाटल्याही मी धुऊन ठेवल्या आहेत.

आणि चहा कुणी करायचा नाही. थर्मास प्रत्येकीने आपल्या घरून आणायचा, कपही आपापला, आणि विसळायचाही आपापला. नावे आज निघण्याआधी सचिवबाईंच्या वहीत लिहा. मामींना मी फोन केला आहे. गुडघे दुखतात म्हणाल्या, पण पहिल्या बैठकीला पूर्णेहून एसटीने येणार आहेत. त्यांचे नाव मी पहिले लिहिले आहे.