आरसा, बाजार आणि घर



मी कामगार चळवळीतला माणूस. मानसशास्त्र शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा हे पंडिताचे नव्हे, एका कार्यकर्त्याचे बोल समजून ऐकावे.

गेटसभा आटोपली की कामगार भगिनी आधी पगाराचे बोलतात, मग हळूच मुलीचे. 'चौदा वर्षांची पोर, डबा तसाच परत आणते. म्हणते, मी जाड आहे.' आपण त्याला नखरा म्हणतो. तो नखरा नव्हे.

फिजी बेटांकडे पाहा. तिथे भरदार अंगाला मान होता. १९९५ साली नद्रोगा भागात दूरचित्रवाणी आली. अ‍ॅन बेकर या विदुषीने ती आल्या आल्या, आणि पुन्हा १९९८ साली, शाळकरी मुलींची पाहणी केली. खाण्याविषयीची वृत्ती बिघडल्याची लक्षणे पहिल्या वेळी १२.७ टक्के मुलींत होती, दुसऱ्या वेळी २९.२ टक्के. वजन घटवण्यासाठी मुद्दाम ओकारी काढणारी आधी एकही नव्हती. नंतर शंभरात अकरा निघाल्या. तीन वर्षांत हे उणेपण आले कोठून? आपल्याकडे 'फेअर अँड लव्हली' १९७५ साली आली. २०२० साली नावातले 'फेअर' जाऊन 'ग्लो' आले. पाटी बदलली, दुकान तेच.

मग सगळ्याच मुली या माऱ्यापुढे सारख्या का वाकत नाहीत? याचा एक धागा जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ यांच्या संशोधनात सापडतो. एन्सवर्थबाईंनी वर्षभराची मुले अनोळखी खोलीत पाहिली. आई काही मिनिटे बाहेर जाई आणि परत येई. काही मुले रडत, पण आई येताच शांत होऊन पुन्हा खेळू लागत. काही बिलगूनही शांत होत नसत. काही तोंडच फिरवीत. पहिल्यांना भरवसा होता, की हाक मारली तर ओ मिळते. हा भरवसा पुढेही कामी येतो. टाकले जाण्याची धास्ती ज्या मुलींच्या मनात असते, त्यांच्यात आपल्या देहाविषयीची नाराजी अधिक आढळते, असे अनेक पाहण्या सांगतात. पण हा संबंध आहे, आईवरचे आरोपपत्र नव्हे.

आम्हा युनियनवाल्यांना हे लवकर उमगते. पाठीशी संघटना असलेला कामगार साहेबासमोर ताठ उभा राहतो. पाठीशी घर असलेली मुलगी बाजारासमोर तशीच उभी राहते.

पण दोन पाळ्या राबणाऱ्या आईने ओ द्यायची केव्हा? २०१७ च्या कायदादुरुस्तीने पन्नास वा अधिक कामगारांच्या आस्थापनेत पाळणाघर सक्तीचे झाले, ते याचसाठी महत्त्वाचे. कामाचे तास हाही मुलीच्या मनाचाच प्रश्न आहे.

आणि बापांनो, आपले काय? 'काळी', 'जाडी', 'हडकुळी' ही लाडाची नावे आजपासून बंद करा. डबा परत आला तर रागावू नका, जवळ बसून विचारा. मुलगी ओकारी काढीत असेल, झपाट्याने वाळत असेल, पाळी थांबली असेल, तर विनाविलंब डॉक्टरकडे न्या.

मालकापुढे मागण्या आपण पुष्कळ ठेवल्या. ही एक मागणी आपल्याच घरापुढे ठेवतो आणि आपली रजा घेतो.