लेकीच्या मागे उभे राहा



मघाशी कॉलेजच्या मुलींनी बालविवाहावर पथनाट्य केलं, तेव्हा टाळ्यांनी मांडव दणाणला. मला आज टाळ्या वाजवणाऱ्या वडीलधाऱ्यांशीच बोलायचं आहे. आधी एक जुनी गोष्ट ऐका.

याच बुलढाण्यात 1850 साली ताराबाई शिंदे जन्मल्या. वडील बापूजी हरी शिंदे कचेरीत नोकरीला, सत्यशोधक समाजाचे सभासद. ज्या काळात मुलीच्या हातात पाटी दिसली तरी लोक नाकं मुरडत, त्या काळात त्यांनी लेकीला मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं. 1881 मध्ये विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अर्भकहत्येच्या गुन्ह्यात सुरतेला फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी झाली, पण त्या निमित्तानं वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीलाच नावं ठेवली गेली. ताराबाई पेटून उठल्या. बायको गेली की पुरुषाला दुसरी चालते, मग नवरा गेला की बाईनंच कोपऱ्यात का कुढायचं, हा त्यांचा रोखठोक सवाल. 1882 साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे त्यांचं पुस्तक पुण्यात छापून आलं.

टीका झालीच. 1885 मध्ये आपल्या ‘सत्सार’ या पुस्तिकेतून महात्मा फुल्यांनी ताराबाईंची बाजू घेतली. असे पाठीराखे त्यांना फार थोडे लाभले. त्यानंतर त्यांनी काही छापल्याचं आढळत नाही. पुस्तकही विस्मरणात गेलं. 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणलं. अशी लेखणी एका पुस्तकावर थांबली, हा माझ्या मते त्यांच्या भोवतीच्या समाजाचा नाकर्तेपणा आहे.

विस्मरणाची ही एक बाजू; आपल्या जिल्ह्यानं जपणुकीची दुसरी बाजूही पाहिली आहे. चिखलीच्या पंढरीनाथ पाटलांनी ऐन तरुणपणी, 1927 साली, जोतीराव फुल्यांचं चरित्र लिहून काढलं.

आता आजचं पाहू. कायद्यानं ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचा ग्रामसेवक, हाच गावचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी. मुलांसाठीच्या 1098 या मदतवाहिनीवर फोनही करता येतो. पोरींना हे पाठ आहे. पण मैत्रिणीचं लग्न थांबवायला एखादीनं तो फोन लावला, की संध्याकाळपर्यंत पारावर तिचं नाव निघतं. ‘पोरगी आगाऊ झाली’ म्हणतात. घरी मोबाइल काढून घेतला जातो, कॉलेज बंद करायची भाषा सुरू होते. कायदा तिथं एकटा पुरत नाही, तिथं बाप लागतो, मास्तर लागतात.

म्हणून मायबापहो, गावानं बोल लावला तर लेकीच्या बाजूनं बोला. गुरुजनहो, मुलं ग्रामसभेत प्रश्न मांडणार असतील, माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाकणार असतील, तर कागद तपासून द्या. पण मोहीम त्यांची आहे. माईक त्यांच्याच हातात राहू द्या, फोटोत मधे उभं राहायची घाई आपण करू नये.

आणि प्राचार्य महोदय, उद्या या पथनाट्यातली एखादी मुलगी खरीखुरी तक्रार घेऊन आपल्या दारात आली, तर तिला एकटीला पोलीस ठाण्यात पाठवू नका. आपण स्वतः तिच्याबरोबर जा, एवढी माझी विनंती आहे.