ऐकण्याची तालीम

मी रसायनशास्त्राचा विद्यार्थी. एम.एस्सी.साठी तालुक्याच्या गावाहून पुण्याला आलो, तेव्हा मला एकाच गोष्टीची धास्ती होती, सेमिनारची. फळ्यासमोर चार माणसांपुढे उभं राहिलं की माझा आवाज थरथरायचा. हॉस्टेलवरचा एक मित्र म्हणाला, "संध्याकाळी अभिनयाचा प्राथमिक वर्ग असतो, जाऊन तर बघ." पुण्यात १९६३पासून पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका होतात. त्या पाहून माझी कल्पना अशी झाली होती की, अभिनय शिकणं म्हणजे खणखणीत बोलायला शिकणं. म्हणून गेलो.

पहिल्या दिवशी बाईंनी आधी आम्हाला हॉल झाडायला लावला. मग अनवाणी चालायचं आणि कुणीही खूण न करता सगळ्यांनी एकदम थांबायचं. आम्ही एकमेकांवर आदळलो! त्यानंतर 'आरसा'. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, एकाने हात हलवला की दुसऱ्याने तसाच हलवायचा. थोड्या वेळाने बाई म्हणायच्या, "आता पुढे कोण आणि मागे कोण, हे मला कळता कामा नये." असे खेळ अमेरिकेतल्या व्हायोला स्पोलिन यांनी १९६३च्या आपल्या पुस्तकात मांडले आणि ते नाट्यवर्गांमध्ये दूरवर पोचले, हे मला पुढे कळलं. तेव्हा मात्र वाटायचं, हे काय बालवाडीसारखं चाललंय!

अधूनमधून थोडा अभ्यासही असे. आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे अभिनयाचे चार प्रकार भरताच्या नाट्यशास्त्रात सांगितले आहेत. त्यात आठ सात्त्विक भाव येतात : स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, कंप, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. स्वरभेद म्हणजे भावनेने आवाज बदलणं. परीक्षेची सवय असल्यामुळे मी ही यादी घडाघडा पाठ केली.

तिसऱ्या आठवड्यात आयत्या वेळचा प्रसंग मिळाला. मी बाप, समोरची मुलगी माझी लेक. ती शिक्षण सोडायचं म्हणते. मी मनात दोन फर्डी वाक्यं तयार ठेवली होती. ती बोलायची थांबली आणि मी ती फेकली. बाईंनी प्रसंग थांबवला. म्हणाल्या, "तू तिचं ऐकतच नव्हतास. तू तुझ्या वाक्याची वाट बघत होतास."

सगळे हसले. मला मात्र ते लागलं.

त्या काळी दर रविवारी रात्री मी एसटीडी बूथवरून घरी फोन करायचो. समोर मीटर पळत असायचं. अण्णा विचारायचे, "जेवलास का?" मी विचारायचो, "सगळं ठीक ना?" ते म्हणायचे, "ठीक आहे." फोन बंद. त्या रविवारीही हेच झालं. पण "ठीक आहे" म्हणण्याआधी अण्णा क्षणभर थांबले, आणि शेवटचा शब्द किंचित घोगरा आला. पाठ केलेल्या यादीतला स्वरभेद मला पहिल्यांदाच ऐकू आला. मी विचारलं, "अण्णा, काय झालंय?" ते गप्प. मीही गप्प राहिलो. मीटरकडे बघितलं नाही. मग हळूच म्हणाले, "डोळ्याला कमी दिसतंय रे. डॉक्टर मोतीबिंदू म्हणतात. ऑपरेशन तुझी परीक्षा झाल्यावर करू म्हटलं." आईला त्यांनी बजावून ठेवलं होतं, त्याला कळवू नकोस.

ऑपरेशन पुढच्याच महिन्यात झालं. मी सोबत होतो. पट्टी काढल्यावर अण्णा पहिलं वाक्य बोलले, "किती वाळलायस!"

मी नट झालो नाही. सेमिनारला आजही हात गार पडतात. पण आधी समोरच्यांचे चेहरे बघून घेतो, मग बोलायला लागतो. आवाज आपोआप ठिकाणावर येतो. मी त्या वर्गात बोलायला शिकायला गेलो होतो. आधीच्या किती रविवारी अण्णा असेच क्षणभर थांबले असतील, हा विचार मात्र अजून पाठ सोडत नाही.